ताईची स्लाइड

माझं काम कडी मोजायचं. लठ्ठपणाचं ऑपरेशन करताना सर्जन पोटातल्या चरबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा काढतात आणि तो आमच्या प्रयोगशाळेत येतो. मी तो मेणात बसवते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापते, रंगवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरते. चरबीची पेशी फुगून मेली की सफाई करणाऱ्या पेशी तिच्याभोवती कडं करून बसतात. जितकी कडी जास्त, तितका त्या चरबीत दाह. वर्षभराने सुईने पुन्हा तुकडा घेतात आणि दाह उतरला का ते बघतात. डबीवर नाव नसतं, नुसता नंबर. मोजणाऱ्याला माणूस कळता कामा नये आणि अभ्यास संपेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, असा नियम.

ताईचं ऑपरेशन झालं त्या दिवशी एकच डबी आली. ती मी दुसऱ्या कुणाकडे द्यायला हवी होती. दिली नाही. मला बघायचंच होतं.

खरं सांगायचं तर मला माझंच म्हणणं खरं करायचं होतं. लहानपणापासून मी तिला ढब्बू म्हणत आले. ती मला काडी म्हणायची, पण तिच्या चिडवण्यात विष नसायचं, माझ्या असायचं. ती सांगायची, "अगं, जिना चढले की गुडघे आतून जळतात. सकाळी उठते तीच दमलेली." मी म्हणायचे, "तोंडाला कुलूप लाव, सगळं थांबेल." चारचौघांत म्हणायचे, तिच्या नवऱ्यासमोर, ती ताटावर बसलेली असताना. ती हसायची आणि हातातला घास खाली ठेवायची.

स्लाइडवर कडीच कडी होती. एवढ्या वर्षांत इतकी मी कुणाची मोजली नव्हती. मी आमच्या डॉक्टरांना नुसता नंबर सांगितला आणि विचारलं, हा माणूस खादाड असेल का हो?

ते उखडलेच. "खादाडपणा काय स्लाइडवर दिसतो? ही चरबी आजारी आहे. अंगभर दाह पसरला असेल. अशा माणसाला नुसतं उठून उभं राहायचं म्हटलं तरी कष्ट पडतात. आणि घरचे आळशी म्हणत असतील, ते वेगळंच."

मी मान खाली घालून आकडा लिहिला. त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली.

ऑपरेशननंतर ताई भराभर उतरली. सहा महिन्यांनी माझ्याकडे आली आणि माझ्या खुर्चीत बसून दाखवलं. "बघ काडे, खुर्चीच्या हातांच्या मधे मावले!" आम्ही दोघी खूप हसलो. मग ती म्हणाली, "माझा तुकडा तुझ्याच लॅबमध्ये गेलाय ना गं? काय निघालं त्यात? माझ्या तोंडाचाच दोष होता का?" विचारलं गमतीनेच, पण उत्तराची वाट बघत पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर आधी माफी मागावी लागली असती, आणि ती काही माझ्या तोंडातून बाहेर येईना.

"सांगता येत नाही ताई, नियम आहे."

बघताना खुशाल मोडलेला नियम मी सांगताना मात्र कडक पाळला. ती "बरं" म्हणाली. चहा तिने अर्धाच घेतला.

वर्ष भरल्यावर ती सुईने काढायचा तुकडा देऊन गेली आणि तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली. दवाखान्यात म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं, क्षार पार घसरले होते, हृदय थांबलं.

मी तिच्या घरी गेले तेव्हा दाजींनी कपाट उघडून दाखवलं. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेल्या प्रथिनांच्या पावडरीचे डबे ओळीने ठेवलेले. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं.

"घेतलं म्हणून सांगायची मला," दाजी म्हणाले. "वाटीभर जेवायला सांगितलं होतं, ते चार चमच्यांवर आणलं होतं. मी ओरडलो की म्हणायची, 'माझ्या बहिणीने आत बघितलंय. एरवी ती तोंडावर काय वाट्टेल ते बोलते, पण त्या दिवशी गप्प बसली. माझं मन दुखू नये म्हणून. म्हणजे दोष माझ्याच तोंडाचा.'"

मग मी दाजींना सगळं सांगितलं. कडी, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि दुसरी स्लाइडही. ती मी ताई गेली त्याच्या आदल्या दिवशी मोजली होती. शोधूनही चार-पाचच कडी सापडली होती. तिची चरबी शांत झाली होती.

दाजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे तिला सांगायला किती वेळ लागला असता गं?"

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

त्यांनी कपाटाचं दार लावलं. "तू आता घरी जा," म्हणाले.