धुतलेले पेले

देवकीने घासलेली भांडी नागपूरच्या इतवारीतल्या त्यांच्या गल्लीत नावाजलेली होती. तिच्या तांब्यात पाहून भांग पाडावा, असं शेजारणी म्हणत. त्यामुळे शाळेच्या संमेलनाच्या दिवशी सकाळी तिने आपल्या लेकीच्या, शामलाच्या टोपलीतले तीन काचेचे पेले सहज उजेडात धरले, तेव्हा तिचा जीव खालीवर झाला. प्रत्येक पेल्याच्या तळाशी पांढुरके वाळलेले डाग होते. हे पेले शंभर माणसांपुढे ठेवणार! लोक मुलीकडे थोडेच पाहणार? मायच्या हाताकडे पाहणार.

शामला न्हाणीघरात होती. देवकीने तिला काही विचारलं नाही. धुण्यात विचारायचं काय असतं? पेल्यांना एक, दोन आणि तीन गाठी मारलेले दोरे बांधले होते, तेवढे मात्र तिने जपून सोडले. मग पेले बारीक राखेने घासले, तीन पाण्यांतून काढले, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पुसले आणि ज्याचा दोरा त्यालाच पुन्हा बांधून टोपलीत ठेवले. त्यांतून पलीकडची भिंत अशी दिसत होती, की मध्ये काच आहे हे हात लावूनच कळावं.

आज सगळं नीट व्हायलाच हवं होतं. तिचे मोठे दीर महादेवराव घरातले कर्ते. त्यांचा हळद-मिरचीचा मोठा व्यापार होता. दिवाळीतच ते म्हणाले होते, की शामलाला तेरावं लागलं, आता शाळा पुरे. देवकीच्या मनात होतं, पोरीने मॅट्रिक व्हावं. पण हे सांगणार कोण? तिचा नवरा रामाजी मोठ्या भावापुढे फक्त मान हलवायचा, आणि तीसुद्धा वरखालीच. आणि देवकी तर मोठ्या दिरांशी बोलतच नसे. घरची रीतच तशी होती. पंधरा वर्षांत तिने त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द काढला नव्हता. महादेवराव दोन हातांवर पाटावर बसलेले असले, तरी ती नाकापर्यंत पदर ओढून म्हणे, "शामला, मोठ्या बाबांले सांग, भाकर वाढली आहे." तेही भिंतीकडे पाहून म्हणत, "सांग तुझ्या मायले, मीठ जास्त झालं."

याच वाटेने देवकीने निरोप पाठवला होता, की एकदा पोरीचं शिक्षण डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. महादेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "सांग तुझ्या मायले, येतो म्हणा. पसंत पडलं तर पाहू. नाही पडलं तर दुसऱ्याच दिवशी नाव काढू."

चार वाजता शाळेचं सभागृह भरलं. पुरुष पुढच्या खुर्च्यांवर आणि बायका एका बाजूला, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे. चिकाच्या फटींतून देवकीला पहिल्या रांगेतले महादेवराव दिसत होते. वेळ जावा म्हणून त्यांनी कोटाच्या दोन्ही खिशांत संत्री भरून आणली होती आणि स्वागतगीतालाच पहिलं सोललं होतं.

देवकीच्या शेजारी धंतोलीच्या शोभाताई होत्या. त्यांची मुलगी नुकतीच गाऊन गेली होती आणि त्यांचा चेहरा अजून गातच होता.

"तुमची काय करते हो? गाणं की नाच?"

"माझी पाणी वतते," देवकी म्हणाली.

"पाणी?"

"एका पेल्यातून दुसऱ्यात."

"अगं बाई!" शोभाताईंनी सहानुभूतीने तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे. सगळ्यांनाच काही गाता येत नाही."

देवकीने तो हात हळूच बाजूला केला. "पाहा तर खरं. रंग पालटते ते."

शामला आली. दोन वेण्या, नवी साडी, हातात हळदीच्या पाण्याची सुरई. टेबलावर तीन पेले असे झळकत होते, की देवकीने शोभाताईंना कोपराने ढोसलं. "पेले पाहून राहिल्या ना?"

"सभ्य स्त्रीपुरुषहो," शामला पाठ केलेलं बोलू लागली, "हे पेले रिकामे आहेत. यात मी हे पिवळे पाणी ओतते. पाहा, ते क्षणात लाल होईल!"

तिने पहिल्या पेल्यात पाणी ओतलं. ते पिवळंच राहिलं.

शामलाने थोडं थांबून पाहिलं. मग दुसऱ्यात ओतलं. पिवळं. मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "क्षण मोठा आहे वाटते!" आणि पुरुषांच्या बाजूला हशा उठला. महादेवराव हसले नाहीत. त्यांनी संत्र्याची बी तळहातावर काढली आणि रामाजीकडे पाहिलं. रामाजीने मान वरखाली हलवली.

शामलाने तिसरा, अजून रिकामा पेला उचलून उजेडात धरला. आतून पाहिला, बाहेरून पाहिला. मग तिने सावकाश मान वळवली आणि थेट चिकाकडे पाहिलं. इतका लख्ख पेला नागपुरात एकाच घरातून निघू शकत होता.

देवकीला कळलं. ते डाग नव्हते. ते पोरीने मुद्दाम लावून वाळवलेलं काहीतरी होतं. पंधरा दिवसांची मेहनत तिने सकाळी राखेने घासून मोरीत सोडली होती.

"काय झालं वो?" शोभाताईंनीही घाबरून तिचीच बोली धरली.

देवकी मनातल्या मनात घोळवत होती. पिवळ्याचं लाल, पिवळ्याचं लाल. हळद लाल कशाने होते? हे तिला शाळेत न जाताही माहीत होतं. तिने कमरेची पानाची चंची चाचपली आणि त्यातली चुन्याची डबी मुठीत घेतली. पदर नाकापर्यंत ओढला, चिक बाजूला केला आणि सगळ्या पुरुषांसमोरून, मोठ्या दिरांच्या पायांपासून हातभर अंतरावरून, ती सरळ स्टेजवर चढली. डबी टेबलावर ठेवली.

"या कोण?" मुख्याध्यापिका यमुताईंनी विचारलं.

"माझी माय," शामला म्हणाली. तिने डबीतला चुना सुपारीएवढा काढून पहिल्या पेल्यात ढवळला. पिवळं पाणी विटेसारखं लाल झालं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी चिकामागून.

पण महादेवराव उठून उभे राहिले होते. "थांबा! हे तं मुरगळल्या पायाले लावतो तेच आहे! हळद आन् चुना. माझ्या दुकानातला हमालही करून दाखवील. याच्यासाठी शाळा कायले पाहिजे?"

 मान नेमकी कुठे हलवावी हे रामाजीला कळेना. देवकी स्टेजच्या कोपऱ्यात पदराआड उभी होती. तिला परत जायचं सुचलं नव्हतं.

"बरोबर आहे, मोठे बाबा," शामला म्हणाली. पाठ केलेलं संपलं होतं. आता ती घरच्यासारखी बोलत होती. "आता या लालची परत पिवळी करून दाखवा."

"आँ?"

"तुम्ही चाळीस वर्षं हळद विकून राहिले. झाली कधी लालची पिवळी?"

महादेवरावांनी विचार केला. खरोखरच केला, कपाळाला आठ्या घालून. "नाही होत," ते म्हणाले. "गेलेली हळद परत येत नसते."

"मग तुमच्या खिशातलं संत्रं द्या."

सगळं सभागृह त्यांच्या खिशाकडे पाहू लागलं. महादेवरावांनी नाइलाजाने एक संत्रं काढून दिलं. शामलाने ते सोलून पदराच्या टोकातून रस पिळला आणि लाल पाण्यात थोडा थोडा सोडू लागली. आधी काहीच झालं नाही. देवकीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पेल्यातलं पाणी पिवळं होतं.

"तो संत्र्याचाच रंग आहे!" महादेवराव ओरडले.

"मग घ्या." शामलाने डबी उचलली आणि पुन्हा चुना ढवळला. लाल. पुन्हा रस. पिवळं. दुसरं संत्रं महादेवरावांनी न मागता दिलं, आणि तिसरं स्वतः स्टेजवर येऊन, स्वतः पिळलं. "व्वा गा!" ते पेल्यावर वाकून म्हणाले. "गेलेली हळद परत आली!" यमुताईंना त्यांना पुढच्या नाटकासाठी स्टेजवरून उतरवावं लागलं.

चिकामागे शोभाताईंनी देवकीसाठी जागा धरून ठेवली होती. "असं पाणी सगळ्यांनाच काही ओतता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

परतताना टांग्यात महादेवराव आणि रामाजी पुढे, मायलेकी मागे. पेल्यांत वाळवून ठेवलेला धुण्याचा सोडा कुणीतरी धुवून टाकला, एवढंच शामलाने सांगितलं. मग घोड्याच्या कानांकडे पाहत महादेवराव म्हणाले, "शामला, मायले विचार, पेले कोणं धुतले?"

शामलाने मान वळवली. पण तिने तोंड उघडायच्या आतच मागून आवाज आला.

"म्या."

रामाजीने टांग्याची दांडी घट्ट धरली. महादेवरावांनी मागे वळून पाहिलं नाही. टांगा चौक ओलांडून इतवारीच्या रस्त्याला लागला.

"सांग तुझ्या मायले," शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वर्षी धुवू नको म्हणा."

शामला निरोप द्यायला पुन्हा वळली.

"ऐकलं म्या," देवकी म्हणाली.

टोपली तिच्या मांडीवर होती. पहिल्या पेल्याच्या तळाशी लाल गाळ वाळत चालला होता. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पेल्यापर्यंत नेलं, आणि मग सोडून दिलं.