हसू मला दिसलं, त्यांना नाही

मित्रांनो, स्टुडिओच्या कोपऱ्यात काळं कापड पांघरून उभा आहे तो जुना कॅमेरा मीच. सुताराने माझी लाकडी पेटी घडवली, कारखान्यात तिला भिंग बसलं आणि एका तरुण फोटोग्राफरने मला मोठ्या हौसेने दुकानात आणलं.

चेहरा वाचण्याची त्यांना भारी हातोटी! कोणी आखडून बसलं की ते म्हणत, "हसा बिनधास्त, दातांचा डॉक्टर बाहेर गेलाय!" चेहरा सैल पडला रे पडला की बटण दाबलंच. लोक वाहवा करत. मीही मनातल्या मनात फुगत असे.

मग त्यांची बायको गेली. म्हातारपणी ते एकटे पडले आणि मनावर जे मळभ आलं ते हटेचना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर चांगली असल्याचं सांगितलं. पण गिऱ्हाईक हसलं की यांना वाटे, ते आपल्यालाच हसतंय. कोणी नुसतं गप्प बसलं की विचारत, "रागावलात का?" चेहरा सैल पडलेला त्यांना दिसतच नसे, बोट बटणावर तसंच राही. गिऱ्हाइकं कंटाळून उठून जाऊ लागली.

एकदा त्यांची मुलगी आली. "बाबा, आता माझ्याकडेच राहायला चला. तुमची खोली आवरून ठेवलीय. पण आधी माझा एक फोटो काढा बरं!" ती माझ्यासमोर बसली आणि मनापासून हसली. मी शपथेवर सांगतो, ते हसू खरं होतं.

फोटो धुऊन त्यांनी तिच्यापुढे धरला. "बघ, किती नाइलाजाने हसतेयस. मी ओझंच झालोय तुला."

"बाबा, मी खरंच खूश आहे हो!"

"तोंडदेखलं बोलू नकोस."

ती येत राहिली, समजावत राहिली. दर वेळी तेच. मला तोंड असतं तर मीच ओरडलो असतो.

मित्रांनो, भिंग पुसत जा, हे सांगायचं होतं, पण ते राहू द्या. घरातलं म्हातारं माणूस उठता बसता "रागावलास का?" विचारू लागलं, तर वैतागू नका. त्याचं मन आजारी असतं. त्याला वेळेवर डॉक्टरांकडे न्या.

आमच्याकडे वेळ निघून गेली. गेल्या खेपेला मुलीने खोलीचा विषय काढलाच नाही. जेवणाचा डबा ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"कंटाळलीस ना मला?" त्यांनी विचारलं.

तिने पिशवी उचलली आणि ती दाराकडे वळली. किती दिवसांनी त्यांनी एक चेहरा बरोबर वाचला होता.