लाल टिपका

"ज्योत्स्ना, लेकरू डोक्यात ठेवू नको, वहीत ठेवजो. डोकं इसरते." माझ्या आधीच्या सिस्टर धुरपताबाई निवृत्त झाल्या, तेव्हा उपकेंद्राच्या किल्लीबरोबर त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं.

अकरा वर्षं मी तसंच केलं. गावातल्या प्रत्येक लेकराचं नाव वहीत, आणि लस टोचली की नावापुढे लाल पेनाने टिपका. लाल दिसलं की जीव शांत.

गेल्या महिन्यात टॅब आला. देवळीच्या तालुका आरोग्य कार्यालयातून स्वप्निल आला, दोन तासांत शिकवून गेला आणि जाताना वह्या पोत्यात बांधून घेऊन गेला.

दिवेलागणीपर्यंत कडू शब्द बोलायचा नाही, असं माझं रोजचं व्रत आहे. सासूबाईंच्या दुखण्यात धरलं, सहा वर्षं सोडलं नाही. टॅब आल्यापासून मात्र रोज दुपारपर्यंत कडू शब्द जिभेच्या टोकावर येऊन थांबतो. लेकरू रडतंय, सुई हातात, आणि हा पडद्यावर चाक फिरवत बसतो.

"सिस्टर, तुमची पाटी झोपली का आज?" नातवाला घेऊन आलेल्या मंदाबाईने विचारलंच.

"जागी होईल हो."

"माह्या नवऱ्यासारखी दिसते. हलवल्याबिगर उठत नाई."

आज गोवराच्या लसीचा दिवस. दहा डोसांची कुपी सकाळी दहाला फोडली. फोडलेली कुपी चारच तास चालते, दोनला टाकून द्यावी लागते. यादीत आठ लेकरं होती, बारापर्यंत आठही झाली. तपासणीला आलेला स्वप्निल खूश झाला.

"पाहा सिस्टर! ना कागद, ना पेन. सौ टक्के!"

मी पाणी प्यायला उठले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वैशाख. आणि मला काजलचं पोरगं आठवलं. ते नागपंचमीचं. माझा उपास होता, दुधा-लाह्यांची वाटी तशीच ठेवून मी तिच्या बाळंतपणाला धावले होते. बोटांवर महिने मोजले. नऊ भरलेले.

"भाऊ, काजलचं नाव यादीत काऊन नाही?"

त्याने शोधलं. नाव नव्हतंच.

"नंबर कोणता दिलता?"

"माझाच. तिच्याकडे फोन नाही. अशा पाच जणींना मी माझाच नंबर लावला."

"एका नंबरवर चारच नावं बसतात, सिस्टर! पाचवं सिस्टीम घेत नाई."

"मग सांगत का नाही ते?"

"सांगते ना! नावापुढं लाल टिपका येते."

मी खुर्चीवर बसले. तो टिपका मी पाहिला होता. पाहून समाधानाने टॅब मिटला होता. अकरा वर्षं ज्या खुणेने मला झोप लागायची, तिनेच लेकरू गाळलं होतं. टॅबचा राग यायचा तितका आला, पण टिपका पाहणारे डोळे माझेच.

साडेतीन महिन्यांची सुई दिली, तेव्हा काजल म्हणाली होती, "मले तारीख समजत नाई, बाई. तुमी सांगाले याल ना?" मी येईन म्हटलं होतं. उद्या ती दोन महिन्यांसाठी माहेरी, गिरडकडे निघणार होती. आणि तिच्या सासरच्या शेजारी दोन लेकरांना गोवर निघालेला.

"आता पुढच्या महिन्यात घ्या तिले," स्वप्निल टॅब पुसत म्हणाला. "आजचं काम पूर्ण दाखवून राह्यलं. आता नाव घुसवलं तर नव्वद टक्क्यावर येईल."

जिभेवर जे आलं, ते मी गिळलं. दिवेलागणीला अजून सात तास होते.

"भाऊ, तिच्या नावापुढे तुमचा नंबर टाका."

"माहा?"

"तुमच्या नंबरवर अजून चार जागा आहेत ना?"

त्याने टॅबवर काजलचं नाव टाइप केलं. मग ओटीपी बघायला खिशातून फोन काढला.

गावची आशा कार्यकर्ती सपना भाच्याच्या लग्नाला नाचणगावला गेलेली, पाठवायला कोणी नव्हतं. साडेबारा झाले होते. काजल नाल्याकडच्या वाडीत भेंडी तोडत असणार. जायला अर्धा तास, यायला लेकरासकट थोडा जास्त. कुपीत दोन डोस उरले होते; मी ती बर्फाच्या डब्यात नीट ठेवली, झाकण लावलं आणि डबा टेबलावरच राहू दिला. दुपट्टा माठाखाली ओला करून डोक्याला गुंडाळला.

"सिस्टर, एवढ्या उन्हात?" स्वप्निलने विचारलं.

मी चपला घातल्या, छत्री उघडली आणि वाडीच्या वाटेला लागले.