आजारपणाची टोपली

मित्रांनो, माझे तरुणपण गेले ते माळ्यावर, गरम पाण्याच्या पिशवीच्या शेजारी. मी एक जुनी वेताची टोपली. पूर्वी माझा रंग मधासारखा होता, आता चहासारखा झाला आहे. एका बाजूने जरा उसवले आहे, पण कडी अजून मजबूत आहे आणि बोलायची हौसही.

मला विणले एका वेतकाम करणाऱ्या म्हाताऱ्याने. वेत पाण्यात भिजवायचा, गुडघ्यावर वाकवायचा आणि हे सगळे करताना बायकोशी भांडण चालू ठेवायचे, अशी त्याची कामाची पद्धत होती. माझ्या विणीत त्याने जागोजागी फटी ठेवल्या. बायको म्हणाली, "एवढी भोकं? गिऱ्हाईक काय म्हणेल?" तो म्हणाला, "अगं, फळं श्वास घेतात. कोंडून ठेवलीस तर घाम येऊन सडतील." तेव्हा मला कळले की मी फळांसाठी जन्मले आहे. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पण आनंद फार टिकला नाही. एका लग्नात मला आहेर म्हणून दिले. नवरा बसचालक होता आणि नवरी पाळणाघरात मुले सांभाळायची. नवऱ्याच्या आईने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "किती देखणी आहे! वापरून खराब करू नका हं." झाले! माझी रवानगी थेट माळ्यावर. मित्रांनो, माणसांना एखादी वस्तू फार आवडली की ती त्या वस्तूचे असे हाल करतात.

मी खाली यायची ती कोणी आजारी पडले तरच. शेजारच्या काकांचे ऑपरेशन झाले, काढा टोपली. मामाचा पाय मोडला, काढा टोपली. मग संत्री, सफरचंदे, केळी यायची, मला पुसून भरले जायचे आणि दवाखान्यात नेले जायचे. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसायची. तो बिचारा नुसता बघायचा, आणि भेटायला आलेली मंडळी गप्पा मारता मारता दोन-दोन केळी फस्त करायची. घरातली धडधाकट माणसे मात्र चहा, पाव, बिस्किटे आणि बटाटा यांच्यावरच जगायची. फळ हे आजाऱ्याचे खाणे, असा त्या घरचा जणू कायदाच होता. ताटात पालेभाजी दिसली की बसचालक म्हणायचा, "मी काय शेळी आहे?"

त्या घरात एक मुलगी जन्मली. एका जागी कधी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरी सहा वर्षांची असताना तिची आजी आजारी पडली. मी भरून दवाखान्यात गेले. आजीला पेरू फार आवडायचा, म्हणून तो सगळ्यात वर ठेवला होता. आजीने तो हातात घेतला, नाकाशी धरला, हसली आणि परत माझ्यात ठेवून दिला. तिच्यात चावायची ताकद उरली नव्हती. भिंगरी पलंगाच्या पायाशी उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती. आजी घरी परतली नाही. मी परतले. एखाद्या टोपलीला रडता येत असते तर मी त्या दिवशी रडले असते.

पुढे दोन वर्षे बरी गेली. मग बसचालक दमू लागला. जिना चढताना त्याला मध्येच थांबावे लागे. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई, जरा कुठे लागले तरी निळे डाग पडत. शेवटी बायको त्याला ओढतच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर स्वयंपाकघरात तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"ऐकलंत ना? 'क' जीवनसत्त्व शरीर स्वतः बनवत नाही आणि फार दिवस साठवूनही ठेवत नाही. ते रोजच्या खाण्यातून मिळायला हवं. तुमच्या पोटात वर्षानुवर्षं चहा आणि पाव! हिरड्या रडतील नाहीतर काय? आधी खाणं सुधारा, मग गोळ्यांचं बघू, असं म्हणाल्या त्या."

"बरं बरं, खाईन," बसचालक म्हणाला, आणि त्याचा हात बिस्किटांच्या डब्याकडे गेला.

मला खाली काढले. थंडीचे दिवस होते आणि बाजारात संत्र्या-पेरूंचे नुसते ढीग लागले होते. मी काठोकाठ भरले आणि चक्क जेवणाच्या टेबलावर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच! मी अगदी फुलून गेले होते, तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली. मला पाहताच तिच्या तोंडचे पाणी पळाले.

"आई, ही कशाला काढलीस?"

"बाबांसाठी," आई चप्पल घालता घालता म्हणाली आणि कामाला गेली.

घरात कोणी नाही असे पाहून भिंगरी माझ्याजवळ आली. माझ्या कडीशी तोंड आणून म्हणाली, "तू भरलीस की माणूस दवाखान्यात जातं आणि परत येत नाही. तुला मी भरलेली राहूच देणार नाही." तिने दोन संत्री दप्तरात कोंबली आणि धूम ठोकली.

मी वेताची असले तरी माझ्या अंगावर काटा आला. ज्या पोरीला मी तिच्या जन्मापासून पाहिले, तिला माझी भीती वाटत होती! आणि मला तर एक शब्दही बोलता येत नव्हता.

तेव्हापासून फळे रोज घराबाहेर जाऊ लागली. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. भिंगरी गुपचूप त्यांना फळे नेऊन द्यायची. इकडे आई टोपली रिकामी होताना बघून खूश. "सांगितलं की ऐकता हं तुम्ही!" ती नवऱ्याला म्हणायची. बसचालकाला वाटे, मायलेकीच खात असतील. आयते कौतुक मिळत असताना कोण खरे बोलतो? तोही मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "गोड होती हो संत्री!" मला इतका राग यायचा की माझी वीण करकरायची.

साहजिकच त्याला गुण येईना. उलट जास्तच थकवा आला. पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले, तेव्हा त्या म्हणाल्या की ताकद येईपर्यंत गाडी चालवायची नाही. आईचा धीर सुटला. ती ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती. "रोज फळं खाऊनही फरक नाही, म्हणजे काहीतरी मोठंच असणार. मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं."

भिंगरीने दाराआडून 'दवाखाना' एवढाच शब्द पकडला. तिने दुसऱ्या दिवशी मला पार तळापर्यंत रिकामी केले. बापाला वाचवायचे म्हणून पोर त्याचे औषधच पळवत होती, आणि जितके पळवत होती तितका तो खंगत होता.

पण त्याच संध्याकाळी मावशी जिना चढून वर आल्या. हातात भिंगरीसाठी शिवलेला फ्रॉक होता. "अहो, तुमच्या पोरीचे उपकार कसे फेडू? रोज संत्री, रोज पेरू! बसून बसून माझं पोट वर्षानुवर्षं दगड झालं होतं, आता सकाळी घड्याळासारखं साफ होतं!"

आईने नवऱ्याकडे पाहिले. "म्हणजे तुम्ही एकही खाल्लं नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही दोघी..." बसचालक पुटपुटला.

"आणि गोड होती म्हणून सांगत होतात?"

मावशींनी फ्रॉक टेबलावर ठेवून काढता पाय घेतला. आई भिंगरीकडे वळली. ती ओरडणार होती, पण त्याआधीच पोरीने भोकाड पसरले. "टोपली भरली की माणूस जातं! आजी गेली तशी! मला बाबा हवाय!"

आई तिच्यासमोर खाली बसली. बसचालकाने लेकीला जवळ घेतले.

"आजी टोपलीमुळे नाही गेली, बाळा," तो म्हणाला. "तिचं हृदय थकलं होतं. फळांनी तिला नेलं नाही आणि फळांनी ती थांबलीही नसती. पण एक सांगू? तिला पेरू इतका आवडायचा, आणि तिचे दात चांगले होते तेव्हा मी एकदाही आणला नाही. आणला तेव्हा तिला चावता येत नव्हता. चूक टोपलीची नाही, माझी आहे."

टोपलीची नाही! मित्रांनो, हे ऐकून मला किती हलके वाटले ते मलाच ठाऊक. माझ्या उसवलेल्या बाजूला अडकलेले एक संत्रे भिंगरीच्या नजरेतून सुटले होते. बसचालकाने ते सोलले. भिंगरी त्याचा हात धरून म्हणाली, "एकच खा. मग उद्या सकाळी तू आहेस का ते मी बघणार."

सकाळी ती उठून धावतच आली. बसचालक आरशासमोर दाढी करत भसाड्या आवाजात गाणे म्हणत होता. तिने त्याला पुढून मागून नीट तपासले. मग टेबलापाशी येऊन माझ्याकडे पाहिले आणि हळूच माझी कडी पुसली.

त्यानंतर मात्र बसचालकाने खरोखरच मनावर घेतले. रोज पेरू, संत्रे, जेवणात गाजर, मुळा, टोमॅटो. डॉक्टरबाईंनी सांगितले होते की पेरूत 'क' जीवनसत्त्व संत्र्याहूनही जास्त असते आणि पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगाला चांगले लागते. आईने भाज्या फार शिजवणे सोडले. फळांचा रस गाळून पिण्याऐवजी फळच चावून खायचे, म्हणजे चोथाही पोटात जातो, हे तिने मावशींचे उदाहरण देऊन सगळ्या जिन्याला ऐकवले. काही आठवड्यांत हिरड्या बऱ्या झाल्या, डाग गेले, आणि बसचालक पुन्हा गाडीवर रुजू झाला. एके दिवशी पालक दुसऱ्यांदा वाढून घेताना तो लेकीला म्हणाला, "शेळी उगाच एवढ्या उड्या मारत नाही बरं का!"

मी काही परत माळ्यावर गेले नाही. उन्हाळ्यात माझ्यात काकड्या आणि आंबे असतात. कलिंगड मावत नाही, ते शेजारी ऐसपैस बसते. उन्हाने जीव सुकलेला असतो तेव्हा नेमकी पाणीदार फळेच बाजारात येतात, याचे मला अजूनही नवल वाटते. कोणत्या दिवसांत काय खावे हे विसरलात तर भाजीच्या गाडीकडे बघा. ज्याचा ढीग मोठा, त्याचा हंगाम. ते ताजे असते आणि खिशालाही परवडते.

आणि भिंगरी? मागच्या आठवड्यात आईला कामावरून यायला उशीर झाला आणि मी पार रिकामी पडले होते. भिंगरीने घरात पाऊल टाकले, मला पाहिले आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "हे काय! टोपली रिकामी?" मला हाताला अडकवून ती तडक कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे गेली. दवाखान्याच्या वाटेवर त्याने मला कितीदा तरी भरलेली पाहिलेली, म्हणून तो मला ओळखतो. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"काय गं पोरी, दवाखान्यात कोण आहे?"

"कोणीच नाही," भिंगरी म्हणाली. "सगळे घरी आहेत. म्हणून तर भरायची आहे!"

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल. तिला आजच खाली काढा, पुसा आणि जे ताजे मिळेल त्याने भरा. तुमच्या माणसांचे दात चांगले आहेत, भूक चांगली आहे आणि सगळे घरी आहेत, तोवरच भरा.