ओळंब्यात बसवलेली खूण

गिरणीवाली आयुष्यभर लोकांचं धान्य दळत राहिली आणि डोंगरातलं वरचं तळं तिचं बघायचंच राहिलं. घरापासून अर्ध्या दिवसाची वाट, बस्स. पण काठची निळी फुलं उमलणार नेमकी गिरणीच्या हंगामात. पट्टा फिरायला लागला की फुलं गेली खड्ड्यात! आता गुडघ्याने मान टाकली होती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, आणि डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं, त्यानंतर डोंगर विसरा. म्हणून तिने गिरणीला कुलूप ठोकलं आणि निघाली.

बरोबर नवरा होता. धंद्याने गवंडी. वाकडं काही दिसलं की याला चैन पडायची नाही, म्हणून सगळा गाव त्याला ओळंबा म्हणायचा, भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीला लावलेल्या वजनावरून.

खालच्या तळ्याशी पिवळी फुलं मातली होती.

"बसतेस जरा?"

"बसायला घरी जागा नाही का?"

पुढे नुसते धोंडे आणि दलदल. मेंढपाळांनी दगडांच्या ढिगांच्या खुणा केल्या होत्या. एका ढिगापासून दुसरा दिसायचा, तसं चढत जायचं. पण पुढचा ढीग आला तो असा सरळ, की वर पाण्याचा पेला ठेवावा. त्याच्यासमोर उभा कडा. वाट नाही, खूण नाही.

"मेंढपाळ असं रचत नाहीत," ती म्हणाली.

ओळंबा खुशीत हसला. "मी रचलाय. मागे लाकडं आणायला आलो तेव्हा. काय ती आधीची रचना, म्हशीने पो टाकल्यासारखी!"

"इथेच होता?"

"जरा पलीकडे. तिथे चिखल गं, पाया खचला असता. म्हणून खडकावर घेतला."

"पलीकडे म्हणजे कुठे?"

त्याने चारी बाजूंना पाहिलं. हसू मावळलं. "तेच बघतोय."

"आणि याच्या वरचे?"

"तेही हलवले. सगळेच कच्चे होते."

"अहो, ती भिंत होती का? बोट होतं ते, इकडून जा म्हणून दाखवणारं! तुम्ही बोट कापून चांगल्या जागी मांडून ठेवलंत!"

दोघं दलदल तुडवत फिरली. वर कुठेतरी तळ्याचं पाणी सांडत होतं, आवाज स्पष्ट येत होता. मग ढग उतरला आणि कडाही दिसेना. गुडघा भोपळ्यासारखा सुजला.

"उद्या मी फुलं आणून देतो तुला."

"वाट माहीत आहे?"

दोघं परत त्याच्या सरळ ढिगापाशी आली.

तिला तो ढीग लाथेने उडवायचा होता. पण दुखऱ्या पायावर उभं राहून लाथ मारता येत नाही. मग तिने हातांनीच एकेक दगड खाली फेकला. "उद्या एखादा याच्या भरवशावर कड्यावर चढायला जायचा."

"नीट रचू का परत..."

"हात लावायचा नाही!"

उतरताना मेंढपाळांचा एक वाकडातिकडा ढीग लागला. टेकायला तिने हात ठेवला, वरचा दगड घसरला. ओळंब्याचा हात आपोआप पुढे गेला. तिने नुसतं पाहिलं. त्याने हात खिशात घातला. तिने दगड उचलला, होता तसाच वाकडा ठेवला आणि लंगडत खाली चालू लागली.