फौजदाराला धाडलेला ठराव

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. पाटोद्याजवळच्या एका गावात, दूध संस्थेच्या माळ्यावर, गळक्या कॅनच्या मागे माझा मुक्काम आहे. काच फुगीर, पोट मोठं, पाठीत पालींनी घर केलेलं. कीव करू नका, मला तिची सवय नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. चांगल्या दुधाचं बक्षीस म्हणून तालुका संघाने मला या संस्थेला दिलं. चेअरमन अर्जुनरावांनी मला हार घातला आणि सचिव आश्रुबांनी दुधाची फॅट मोजायच्या यंत्राशेजारी फळीवर बसवलं. दूध घालायला आलेल्या बाया जाता जाता पदराने माझी काच पुसायच्या. तेव्हा मी भलत्याच ऐटीत होतो, खोटं कशाला बोलू?

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. जनावरं चारा छावणीत गेली आणि कॅन कोरडे पडले. काम नसलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसू लागली. रविवारी दुपारी 'उलटी गस्त' नावाची मालिका लागायची. त्यातला फौजदार रणपिसे चौकीचं मागचं दार उघडून गेलेल्या काळात जायचा आणि घडलेला गुन्हा घडण्याआधीच थांबवायचा. पण लेखी तक्रार असल्याशिवाय तो त्या दाराला हात लावत नसे. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं कागदावर लागे. सहकारात मुरलेल्या माणसांना हे फार पटलं.

"मागल्या काळात जातूयाच, तर तिथला पाऊस तरी घिऊन ये की बे!" दूध घालणाऱ्यांतला जालिंदर माझ्या काचेवर ओरडायचा.

"अर्ज कुनी केलाय त्याला?" अर्जुनराव म्हणायचे, आणि खोली हसायची.

मुक्ताबाई सगळ्यांच्या पुढे, माझ्यापासून हातभर अंतरावर बसायची. तिचा नवरा छावणीत म्हशीपाशी होता. घरी ती आणि पंधरा वर्षांची लेक कौशल्या. आठवड्यातला तो अर्धा तास तेवढा तिचा स्वतःचा होता.

टँकर सोमवारी यायचा, गावच्या विहिरीत पाणी ओतून निघून जायचा. मग बायापोरी काठावर उभ्या राहून ते शेंदायच्या. विहिरीला कठडा नव्हता. एका रविवारी टँकर अचानक आला. हॉर्न वाजला तेव्हा फौजदार दाराशी पोचला होता. पुरुष हलले नाहीत, कारण पाणी हे त्यांचं काम नव्हतं. कौशल्या घागर घेऊन दारात आली.

"आई, टँकर आला. चल."

"तू व्हय म्होरं. एवढं दार उघडू दे, आलेच मी."

दार उघडलं. मीच ते दाखवलं. तेवढ्यात विहिरीवर रेटारेटी झाली आणि दोर ओढणारी कौशल्या आत पडली. पाणी गुडघाभर होतं, खाली खडक होता. ओरडा ऐकून सगळे धावत सुटले आणि रिकाम्या खोलीत मी एकटाच बोलत राहिलो. माझं बटन मला दाबता येत नाही, मित्रांनो.

तेराव्यानंतरच्या रविवारी मुक्ताबाई आली आणि आपल्या जागेवर बसली. रडली नाही, मालिका संपेपर्यंत पाहत राहिली. पुढच्या रविवारीही तेच. जालिंदर ओरडेनासा झाला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता मीही बधिर झालो होतो. चित्र येत होतं, आवाज येत होता, एवढंच.

एके दिवशी मालिका संपल्यावर ती म्हणाली, "आश्रुबाभाऊ, त्या फौजदाराला अर्ज लिवा."

आश्रुबांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. हा सगळा खेळ असतो, असं तिला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. अर्जुनराव हळूच म्हणाले, "ठराव करू. संस्थेचा ठराव जड पडतो."

आश्रुबांनी सभेचं बुक उघडलं. सूचक मुक्ताबाई, अनुमोदक अर्जुनराव. तारीख लिहिली, वेळ लिहिली. "ठिकाण... गावची विहीर," ते पुटपुटले.

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "विहिरीवर लई गर्दी व्हती. तिथं त्याचं काय चालायचं न्हाई. ठिकान हितलं लिवा. हितं येऊन टीव्ही बंद करायचा अन् मला उठवायचं. दुसरं काई न्हाई."

आश्रुबांनी तसंच लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. ठरावाची नक्कल मालिकेच्या पत्त्यावर टपालाने गेली.

दीड महिन्याने छापील कार्ड आलं. त्यावर फौजदाराचा हसरा फोटो होता. आश्रुबांनी वाचून दाखवलं, "आपली प्रतिक्रिया मिळाली. आपण आमची मालिका आवडीने पाहता, हे वाचून आनंद झाला. पाहत राहा."

"येतो म्हनतोय का?"

"न्हाई, मुक्ताबाई."

"बरं," ती म्हणाली.

पुढे एका रविवारी फौजदाराचा हात दाराच्या कडीवर असतानाच पुन्हा हॉर्न वाजला. मुक्ताबाई उठली आणि तिने माझं बटन दाबलं. काळ्या काचेत बसलेल्या पुरुषांचे चेहरे उमटले. कुणी कुरकुर केली नाही. अर्जुनराव आधी उठले, त्यांच्या मागे बाकीचे. त्या दिवशी पहिल्यांदा पुरुषांनी दोर हातात घेतले. मुक्ताबाई काठापासून लांब, घागरीजवळ उभी राहिली, असं नंतर आश्रुबा सांगत होते.

विहिरीला कठडा झाला, पाऊसही आला. पुढे संस्थेत भिंतीवरचा चपटा टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरच्या टीव्हीलाही त्याचं बटन दाबता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. दारातून कुणी "चल" म्हणालं, तर मालिकेतलं दार उघडायची वाट पाहू नका. तुम्हाला उठवायला फौजदार येणार नाही.