पंचफुलाचा पट्टा

देवमनने टेपचं टोक बायकोच्या मानेखालच्या उंच हाडावर टेकवलं आणि टेप कमरेपर्यंत सोडला. आकडा पाहिला. टेप उचलून पुन्हा लावला.

"किती?" पंचफुलाने विचारलं. खुर्चीची पाठ धरून ती उभी होती.

"चौदा इंच. पह्यल्याइतकंच."

"खरं सांगा."

राजापेठेतल्या या दुकानात तो वीस वर्षं कपडे शिवत होता. माप सांगताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती.

"साडेबारा," तो म्हणाला.

"मले ठाऊक हाये. हिवाळ्यापासून लुगडं पायात येऊन राहिलं. तुमालेच दिसलं नाई. शिंपी म्हन्ते सोताले!"

लग्नानंतरची काही वर्षं पंचफुला अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात कामाला जायची. तिथली रुई छातीत बसली ती बसलीच. अमरावतीला आल्यावरही दम्याने ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायची. अठ्ठावन्न साली डॉक्टरांनी छोट्या पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्याभरात ती चक्क आडवी होऊन झोपली. शिट्टीशिवायच्या श्वासाची सवय नसलेला देवमन तेव्हा घाबरून तिच्या नाकाशी हात धरून बसला होता.

सात वर्षं गोळ्या चालल्या. चेहरा गोल झाला, शेजारणी म्हणाल्या, पंचफुलाले सुख मानवलं. मग यंदा जानेवारीत पाण्याची बादली उचलताना पाठीत काहीतरी कडकन मोडलं. फोटोत दोन मणके चेपलेले निघाले.

"या गोळ्यांनीच हाडं पोकळ केली," डॉक्टर म्हणाले होते. "मीच दिल्या होत्या. आता एकदम बंदही करता येत नाहीत. हळूहळू कमी करू."

"डॉक्टरसाहेब, माह्या पोरीच्या, शालूच्या लग्नात म्या गानं म्हटलं. उभी राहून, सगळी कडवी," पंचफुला म्हणाली. "गोळ्यांच्या आंधी मले धड दोन शब्द बोलता येत नोते."

डॉक्टरांनी पाठीचा पट्टा लिहून दिला.

मुंबईहून मागवलेला पट्टा कोण्या धिप्पाड माणसाच्या अंगाचा होता. काखेत रुतायचा. तीन दिवसांनी पंचफुलाने तो खुंटीला टांगला, आणि म्हणून आज देवमनने टेप हाती घेतला होता.

त्याने तो पट्टा उसवून आतली रचना पाहिली आणि नवा बेतला. वरून जाड ड्रिलचं कापड, आतून धुऊन मऊ केलेला मांजरपाट, पुढून सलग, बांधायचे बंद मागे. पाठीला आधार म्हणून त्याने रुईच्या गाठी आवळायच्या पोलादी पट्ट्या कापल्या, कानशीने त्यांची टोकं गोल केली. चारदा शिवला, चारदा उसवला. विटा रचून चूलही कमरेइतकी उंच केली. पाचव्यांदा पट्टा बांधून पंचफुलाने उभ्याने आठ भाकरी थापल्या आणि मधे एकदाही हात थांबवला नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तो पट्टा उलटापालटा करून पाहिला. कोणी शिवला ते विचारलं.

पंधरा दिवसांनी परतवाड्याहून नत्थुजी नावाचे एक शेतकरी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुकानात आले. सोबत बायको, माणिकबाई. सांधेदुखीवर त्याच गोळ्या पाच वर्षं घेतलेल्या. पुढे वाकलेली, नजर जमिनीत. देवमनने टेप उचलला तशी ती भिंतीला चिकटली.

"परका मानूस पाठीचं माप घेईन काय?"

पंचफुलाने नवऱ्याच्या हातातून टेप काढून घेतला.

"तुमी दोघं बाहीर व्हा."

"दुकान माहं हाये," देवमन म्हणाला.

"म्हनूनच सांगून राहिली."

दोघे पुरुष पायरीवर बसले. पडदा ओढला गेला. नत्थुजींनी बिडी पेटवली. आतून पंचफुलाचा आवाज येत होता.

"झोपेतून सरळ उठू नका, बाई. आंधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मंग हातावर जोर द्या. मले हे कोनी सांगतलं नाई, म्हनून लई दिवस रडली मी."

"दुखनं जाईन काय, बाई?"

"माहं तं सगळं नाई गेलं. सकाळी भाकरी करतो, दुपारी जराशी आडवी होतो. अन् हे मांगून बंद बांधून देतात ना, त्यांच्या हाताले पह्यल्यांदा घाम फुटला होता. एवढ्या बायांचे पोलके शिवले या मानसानं!"

मग आतून हसू ऐकू आलं. आधी एकीचं, मग दुसरीचं, चिरकं, बरेच दिवस न वापरलेलं. नत्थुजींची बिडी बोटांत विझली, तरी ते पडद्याकडेच बघत राहिले.

"साडेतेरा!" आतून पंचफुला ओरडली. "लिहून घ्या. अन् दोन चहा सांगा आमच्यासाठी."

"अन् आमाले?"

"तुमी हॉटेलातच पिऊन या. आमाले वेळ लागते."

देवमनने कानामागचा खडू काढून पायरीवर आकडा लिहिला, नत्थुजींना हात देऊन उठवलं आणि दोघे चहा सांगायला निघाले.